गेलेल्या दाताची जागा

विनयपिटकातील चुल्लवग्गात दात घासण्याच्या काडीविषयी एक प्रसंग आहे. भिक्खू दातवण करीत नव्हते, त्यामुळे त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. हे भगवंतांच्या कानावर गेल्यावर त्यांनी दन्तकट्ठ, म्हणजे दातवणाची काडी, वापरण्याची अनुज्ञा दिली आणि ती न वापरण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांना ते हितावह नसते, तोंडाला वास येतो, चव नेणाऱ्या वाहिन्या शुद्ध होत नाहीत, पित्त व कफ अन्नावर पसरतात आणि अन्नाची गोडी लागत नाही. पुढे काही भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्याच काडीने श्रामणेरांना मारूही लागले, तेव्हा काडी आठ अंगुळांहून मोठी नसावी असा नियम झाला. एकाने अगदीच आखूड काडी घेतली, ती घशात अडकली, म्हणून चार अंगुळांहून लहानही नसावी असे ठरले. धम्माचा मार्ग सांगणाऱ्या शास्त्याने दातवणाच्या लांबीपर्यंत लक्ष घातले, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

आपल्या वस्त्यांत मात्र दाताकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते. ताप आला तर दवाखाना, डोळ्यांत मोतीबिंदू आला तर शस्त्रक्रिया, पण दात हलू लागला की "वय झालं, जायचाच" एवढे म्हणून विषय संपतो. तो एक जातो, मग शेजारचा जातो. आजी भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागतात, मटणाच्या वाटीतला रस्सा घेऊन फोडी नातवाला देतात, चारचौघांत हसताना पदर तोंडावर धरतात. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न या वर्णांना दन्त्य म्हणतात. बुद्ध, धम्म, वंदना हे शब्द म्हणायला जीभ वरच्या पटाशीच्या दातांमागे टेकावी लागते. वर्षानुवर्षे विहारात पुढे बसून वंदना घेणारे एखादे वडीलधारे गृहस्थ हळूहळू मागच्या रांगेत जाऊन बसतात. विचारले तर सांगत नाहीत, परंतु कवळी सैल झालेली असते आणि बोलताना ती खाली येईल अशी धास्ती असते. एका दाताबरोबर माणसाचे जेवणच नव्हे, बोलणेही कमी होत जाते, म्हणून या विषयावर स्मरणिकेत लिहावे असे आम्हांला वाटले.

प्रथम दात जबड्यात कसा बसलेला असतो ते पाहू. प्रौढ माणसाला अक्कलदाढा धरून बत्तीस दात असतात. (महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत चाळीस दात सांगितले आहेत, पण तो मान आपला नव्हे.) जो भाग आपल्याला दिसतो त्याहून मोठा भाग हिरडीखाली मुळाच्या रूपात असतो. हे मूळ खुंटीसारखे हाडात ठोकलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्या तंतूंवर जणू झोळीत टांगलेला असतो. चावताना दात किंचित दबतो तो त्यामुळेच. भाकरीत बारीक खडा आला तर तत्क्षणी कळतो, तेही या तंतूंतील मज्जातंतूंचे काम. शिवाय चावण्याचा दाब या तंतूंमार्फत हाडापर्यंत पोहोचत असतो आणि त्या दाबामुळेच जबड्याचे हाड टिकून राहते.

दात काढला की हे सारे थांबते. ज्या हाडाला काम उरले नाही ते शरीर हळूहळू शोषून घेऊ लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाढ वा उपदाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होते आणि त्यातील दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे दिसून आले. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातील दात खाली किंवा वर सरकू लागतो. सगळे दात गेलेल्या माणसाचे गाल आत जातात आणि हनुवटी नाकाकडे येते, त्याचे कारण त्वचेचे वय एवढेच नसून खालचे हाड झिजलेले असते. रिकाम्या जागेची किंमत अशी रोज थोडी थोडी वाढत जाते.

ही जागा भरण्याचे जुने मार्ग दोन. पहिला कवळीचा. ती काढता-घालता येते, तुलनेने स्वस्त असते आणि महिनाभरात तयार होते. पण ती हिरडीवर टेकलेली असते. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असतो. हाड झिजत राहते, तशी काही वर्षांनी ती सैल होते. वरची कवळी टाळूला चिकटून बरी राहते, खालची मात्र जीभ हलली की उठते. दुसरा मार्ग ब्रिजचा, म्हणजे पुलाचा. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करायचे, त्यांवर टोप्या बसवायच्या आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडलेला ठेवायचा. हा पक्का असतो, परंतु एका दातासाठी दोन चांगले दात घासावे लागतात. शेजारचे दात आधीच किडलेले असतील आणि त्यांना नाही तरी कॅप लागणार असेल, तर ब्रिज हा उत्तम उपाय आहे. ते धडधाकट असतील तर घासून घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दोन्ही उपायांत दाताचा दिसणारा भाग परत येतो, मूळ येत नाही. मूळ परत आणण्याचा प्रयत्न माणसाने पुष्कळ जुन्या काळापासून केलेला आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास येथे १९३१ साली उत्खननात सापडलेल्या माया काळातील एका जबड्यात, खालच्या पटाशीच्या दातांच्या जागी शिंपल्याचे घडवलेले तीन तुकडे बसवलेले होते. पुढे सोने, पोलाद, निरनिराळे मिश्रधातू वापरून झाले. बहुतेकांचा अनुभव एकच होता. शरीर त्या परक्या वस्तूभोवती मऊ तंतूंचे वेष्टन तयार करी, ती वस्तू हलू लागे आणि शेवटी निघून येई.

याचे उत्तर सापडले ते दाताचा शोध घेताना नव्हे, तर सशाच्या पायात. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२च्या सुमारास लुंड येथे हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक छोटी नळकांडी बसवून तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. काही महिन्यांनी ती महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरावी म्हणून ते काढायला गेले, तर निघेना. हाड तिला असे धरून बसले होते की दोन्ही वेगळे करणे शक्य नव्हते. दुसरा एखादा चरफडून नवी नळकांडी मागवता. यांनी "ही का निघत नाही?" हा प्रश्न धरून ठेवला. आमच्या विद्यार्थी मित्रांनी ही गोष्ट परीक्षेतील उत्तर म्हणून नव्हे, तर प्रश्न कसा पडावा याचा नमुना म्हणून ध्यानात ठेवावी.

कारण असे आहे की टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. हा थर शरीरातील खारट द्रवांत गंजत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला परके मानीत नाहीत. त्या थेट त्याच्यावर नवे हाड घालतात. हाड आणि धातू यांच्या या प्रत्यक्ष जुळणीला ब्रोनेमार्क यांनी ऑसिओइंटिग्रेशन हे नाव दिले. मराठीत आपण अस्थिजोड म्हणू. १९६५ साली गोथेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या माणसावर हा प्रयोग केला. जन्मतःच टाळू दुभंगलेली, जबडा सदोष आणि खालचे दात नाहीत, अशा एका गृहस्थाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. ते गृहस्थ २००६ साली वारले. तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते त्या दातांनी जेवत होते.

एवढे असूनही दंतवैद्यकाच्या पंडितांनी हे लगेच मानले नाही. ब्रोनेमार्क स्वतः दंतवैद्य नव्हते, हा मोठाच अपराध होता! आपल्या क्षेत्राबाहेरच्या माणसाने केलेले काम क्षेत्रातल्यांना रुचत नाही, ही रीत सर्व देशांत सारखीच दिसते. १९८२ साली टोरोंटो येथे भरलेल्या परिषदेत त्यांच्या दीर्घकालीन नोंदी मांडल्या गेल्यावर जगाने या पद्धतीची दखल घेतली. ब्रोनेमार्क २०१४ मध्ये निवर्तले.

आज इम्प्लांट म्हणून जे बसवतात तो साधारण चार मिलिमीटर जाडीचा आणि दहा-बारा मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू असतो. तो म्हणजे नवे मूळ. त्यावर एक जोडतुकडा आणि त्यावर कॅप, असे तीन भाग. आधी जबड्याचा स्कॅन काढून हाडाची उंची, रुंदी आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस कोठे आहे ते पाहतात. मग जागा बधिर करून हाडात भोक पाडतात. हे काम सावकाश आणि पाण्याची धार सोडून करावे लागते, कारण हाड सत्तेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले तरी तेथील पेशी मरतात आणि मेलेले हाड धातूला धरीत नाही. दुखते किती, असे सर्वजण विचारतात. ज्यांनी करून घेतले त्यांच्या सांगण्यावरून, दाढ काढण्यापेक्षा त्रास कमीच होतो.

खरा कस लागतो तो नंतरच्या वाट पाहण्याचा. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तेथील हाड पोकळसर असल्याने, सहा महिने स्क्रू हिरडीखाली झाकून ठेवीत. आता पृष्ठभाग खडबडीत केलेले स्क्रू आल्यापासून हा काळ कमी झाला आहे आणि काही निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरती कॅपही देता येते. पण "एका दिवसात दात" अशा पाट्या वाचून कोणी हुरळून जाऊ नये. पहिल्या आठवड्यांत स्क्रू हलला तर हाडाऐवजी पुन्हा तेच मऊ वेष्टन तयार होते. हाड आपल्या गतीनेच वाढते.

योग्य रुग्णात, योग्य हातांनी बसवलेल्या शंभर इम्प्लांटांपैकी सुमारे पंचाण्णव दहा वर्षांनंतरही टिकलेले असतात. यातील "योग्य रुग्णात" हे शब्द महत्त्वाचे आहेत. धूम्रपान करणाऱ्यांत अपयशाचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. आपल्याकडे बिडीबरोबर मशेरी आहे, तंबाखूची चंची आहे, सुपारी आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या कोठे मिळतात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. सुपारीने गालाच्या आतील त्वचा ताठ होत जाते, तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही आणि मग दंतवैद्याला हत्यार आत घालायलाच जागा राहत नाही. असे तोंड पुढे कर्करोगाकडेही वळू शकते. त्यामुळे तेथे दाताच्या आधी त्याची तपासणी हवी. तंबाखू पंचशीलातील पाचव्या शीलात येते की नाही, यावर आपल्या मंडळींत तासन्‌तास वाद झालेले आम्ही ऐकले आहेत, आणि वाद घालणाऱ्यांपैकी दोघांच्या गालात तेव्हाही गोळी होती. असो.

मधुमेह असेल तर तो ताब्यात हवा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी आधी करून घ्यावी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कित्येक वृद्ध स्त्रिया ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेतात. ते न चुकता सांगावे, कारण या औषधांवर असताना जबड्याची जखम भरून येण्यास कधी कधी गंभीर अडचण येते. जबड्याला किरणोपचार झाले असतील तर तेही सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. नुसते वय हा मात्र अडथळा नाही. सत्तरीतल्या निरोगी माणसाचे हाडही स्क्रू धरते.

इम्प्लांट किडत नाही, म्हणून त्याला घासावे लागत नाही असा एक समज आहे. तो काढून टाकावा. धातू किडत नसला तरी त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड आपलेच असते. तेथे जंतूंचा थर साचला तर हिरडी सुजते, हाड खाली खाली जाते, आणि मघाशी सांगितलेला तंतूंचा पडदा येथे नसल्याने दुखण्याची सूचना फार उशिरा मिळते. खडा आला तरी पूर्वीसारखा चटकन कळत नाही. तेव्हा दोन वेळ ब्रश, फटीतली लहान ब्रश आणि सहा महिन्यांनी तपासणी, हे आयुष्यभराचे काम आहे. ज्याच्याकडून ते होणार नाही त्याने एवढा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता खर्चाकडे वळू. शहरातील खासगी दवाखान्यात एका इम्प्लांटला कॅपसह साधारणतः पंचवीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत रुपये पडतात. हाड कमी असून ते भरावे लागले तर आणखी. आरोग्य विम्यात अपघात सोडून दातांचा खर्च बहुधा बसत नाही. अशा वेळी दवाखान्यातच "शून्य व्याजाचे हप्ते" पुढे केले जातात. आमचे आयुष्य बँकेच्या खिडकीमागे गेले, म्हणून येथे दोन शब्द अधिकाराने लिहितो. समजा, खर्च ऐंशी हजार सांगितला आणि बारा हप्त्यांत फेडायचा आहे. वर प्रक्रिया शुल्क दोन हजार. त्याच दवाखान्यात रोख देणाऱ्यास दहा टक्के सूट मिळत असेल, तर त्याला बाहत्तर हजारच पडतात. म्हणजे हप्तेवाल्याने दहा हजार जास्त दिले आणि कर्जाची रक्कम दरमहा घटत असल्याने, हिशेब मांडला तर व्याजाचा दर वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. म्हणून प्रथम "रोख दिले तर किती?" असे विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मामांना खालच्या जबड्यात एकही दात राहिला नव्हता. एका खासगी दवाखान्यात त्यांना सहा इम्प्लांट आणि त्यांवर पक्के दात असा सल्ला मिळाला. रक्कम ऐकून ते ग्रॅच्युइटीतून उरलेली ठेव मोडायला निघाले होते. वस्तुतः सहा इम्प्लांट बसवणे चूक नव्हे, पण तोच एक मार्ग आहे असे सांगणे चूक आहे. २००२ साली कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर दोन इम्प्लांट आणि त्यांना चापाच्या बटणासारखी अडकणारी कवळी हा किमान योग्य उपचार मानावा, असा निर्णय दिला. कवळी रात्री काढून धुता येते, दिवसा जागची हलत नाही आणि खर्च बराच कमी होतो. मामांनी दुसरीकडे मत घेतले आणि दोनच बसवून घेतले. आता ते शेंगदाणे खातात. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण त्यांच्यापुरती अर्धी खोटी ठरली.

दुसरे मत घेण्यासाठी सरकारी दंत महाविद्यालयासारखी जागा नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, आणि मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. रांग असते, खेटे घालावे लागतात, काम पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात म्हणून वेळ लागतो. पण पैसे खासगीपेक्षा पुष्कळ कमी लागतात, आणि कवळी पुरेशी आहे असे वाटले तर ते तसे सांगायला कचरत नाहीत. जाताना जुने एक्स-रे, साखरेचा ताजा अहवाल आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. इम्प्लांट कोठेही बसवले तरी त्याच्या डबीवरचे चिकटपत्र मागून घ्यावे. त्यावर कंपनीचे नाव, माप आणि तुकडी क्रमांक असतो. दहा वर्षांनी वरचा स्क्रू सैल झाला आणि मूळ दंतवैद्य गाव सोडून गेलेला असला, तर कोणता पाना लागतो हे त्या चिटोऱ्यावरून कळते. आम्ही तर म्हणतो, ते बँकेच्या पासबुकात ठेवावे, म्हणजे हरवत नाही.

विद्यार्थ्यांसाठी थोडे निराळे सांगायचे आहे. जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी इम्प्लांट बसवीत नाहीत. भोवतालचे दात वाढीबरोबर पुढे सरकतात आणि स्क्रू मात्र जेथल्या तेथे राहतो, त्यामुळे काही वर्षांत तो दात आखूड दिसू लागतो. अठरा वर्षांच्या आत तर नाहीच, मुलांच्या बाबतीत त्यानंतरही थोडे थांबतात. तोपर्यंत लहान काढता-घालता येणारी पट्टी चालते. पण क्रिकेटचा चेंडू लागून किंवा सायकलवरून पडून पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो टाकून देऊ नये. दिसणाऱ्या भागाने धरावा, मुळाला हात लावू नये, खरवडू नये. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर विसळून शक्य असल्यास लगेच त्याच खोबणीत दाबून बसवावा आणि रुमाल चावून धरावा. ते जमत नसेल तर दुधाच्या पेल्यात टाकून तडक दंतवैद्याकडे जावे. मुळावर राहिलेले ते तंतू सुकले तर मरतात. पहिल्या अर्ध्या तासात पोहोचल्यास दात पुन्हा धरण्याची शक्यता चांगली असते, तासाभरानंतर ती झपाट्याने कमी होते. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवू नये, खाली येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. शाळेच्या मैदानाजवळ दुधाची पिशवी कोणत्या दुकानात मिळते, हे खेळशिक्षकांनी पाहून ठेवावे.